आपे काय बोलतो

सिनेमात हेंगचुन शेवटपर्यंत कधी जगला नाही. बँकॉकच्या कुठल्याही थाई चित्रपटात चिनी माणूस लागला की त्यालाच बोलावणं यायचं. कधी तो गहाणवटीचं दुकान चालवायचा, कधी अफूचा अड्डा, कधी खलनायकाच्या मागे पानदान घेऊन उभा राहायचा. मग मध्यंतरानंतर केव्हातरी गोळी लागायची, नाहीतर सुरा, आणि हेंगचुन दिवसाचे पैसे घेऊन घरी.

तो मूळचा दक्षिण चीनमधल्या स्वाटो बंदराचा. तिथल्या तेओच्यू बोलीतल्या नाटकमंडळीबरोबर ऐन पंचविशीत बोटीने बँकॉकला उतरला होता. म्हाताऱ्याच्या भूमिका करायचा. पुढे मंडळी फुटली, कुणी तांदळाच्या गिरणीत लागलं, कुणी सोनाराकडे. हेंगचुनला दुसरं काही येत नव्हतं. थाई बोलताना त्याचा ‘र’ हमखास ‘ल’ व्हायचा, पण त्याने काही बिघडलं नाही, कारण त्या काळचे सिनेमे मुकेच चित्रित व्हायचे. जिथे खेळ असेल तिथे एखादा माणूस मायक्रोफोन घेऊन बसायचा आणि पडद्यावरच्या सगळ्यांचं एकटा बोलायचा.

“नुसते ओठ हलव, आपे,” दिग्दर्शक विथून त्याला सांगायचा. आपे म्हणजे थोरला काका. लहानथोर सगळे त्याला हीच हाक मारत. “एक ते दहा आकडे म्हण. कोण ऐकतंय?”

पण हेंगचुनला ते जमायचं नाही. तोंड खोटं बोललं की डोळेही खोटे पडतात, असं त्याच्या नाटकातल्या गुरूने त्याच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. म्हणून तो आपल्या तेओच्यूत खरंखुरं काहीतरी बोलायचा. बँकॉकच्या थिएटरात मात्र त्याला पत्र्याच्या डब्यासारखा किरकिरा आवाज मिळायचा, आणि लोक पोट धरून हसायचे.

“तू मरतोस आणि लोक हसतात,” त्याची बायको गेकइम म्हणायची. हिरव्या पातीच्या वाफवलेल्या वड्या विकता विकता तिची जीभ चांगलीच धारदार झाली होती. “वर शिट्टी वाजवत घरी येतोस.”

“मग काय रडत येऊ? उद्या पुन्हा मरायचंय.”

असं बरं चाललेलं असताना एकदा शूटिंगसाठी मंडळी उत्तरेत फ्रेला गेली. हेंगचुन सकाळी बाजारात पेज प्यायला बसला. पेज विकणारी म्हातारी वाडगा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

“अगं बाई, आपे! मिळाली का हो?”

“काय मिळाली?”

“पोरगी! तुमची पोरगी हो!”

हेंगचुनने मागे वळून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तोवर भाजीवाल्या बायका गोळा झाल्या. एक म्हणाली, “गेल्या खेपेला धक्क्यावर अगदी हाताशी आली होती. मेल्यांनी तेवढ्यात गोळी घातली.”

तो धक्का हेंगचुनला आठवत होता. त्या सिनेमात तो अफूची पेटी घेऊन पळत होता. मुलगीबिलगी कुणी नव्हती. खऱ्या आयुष्यातही त्याला मूलबाळ नव्हतं.

“तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

“आता घ्या! तुम्हीच की!” म्हातारी म्हणाली, आणि तिने त्याच्या वाडग्यात एक खारवलेलं अंडं जास्तीचं घातलं. “खा. किती वाळलात शोधून शोधून.”

चौकशी करता कळलं, की या भागात सिनेमे औषध कंपनीच्या गाडीबरोबर येतात, आणि आज तिचा खेळ जवळच्याच गावात, देवळाच्या पटांगणात आहे. हेंगचुनला त्या दिवशी दुपारीच मारून झालं होतं, त्यामुळे संध्याकाळ मोकळी होती. टोपी कपाळावर ओढून तो तिथे अंथरलेल्या चटईच्या टोकाला जाऊन बसला.

सिनेमा जुनाच होता. पडद्यावर तो खलनायकापुढे सोन्याची नाणी ओतत होता. तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला. दाट, संथ, जरासा चिनी वळणाचा, पण कुठेही चिडवणारा नाही.

“हे सोनं घ्या, मालक. मला फक्त एवढंच सांगा, तुमच्या बोटीवर एक पोर आहे का? डाव्या गालावर तीळ आहे तिच्या.”

हेंगचुन पुढे सरकून बसला. वर्षानुवर्षं शेजारी राहणाऱ्या माणसाचं नाव आज कळावं, तसा तो स्वतःकडे बघत राहिला. हा माणूस अफूच्या अड्ड्यावर का बसतो, तर तिथे दूरदूरचे खलाशी येतात म्हणून. गहाणवटीचं दुकान का चालवतो, तर मुलीच्या पायातले वाळे कधीतरी तिथे येतील म्हणून. सगळं कसं चपखल बसत होतं! तो मेला तेव्हा बायकांनी पदराने डोळे टिपले. लगेच गाडीतून माणसं बाम आणि जंताच्या गोळ्या घेऊन उतरली, आणि विक्री दणक्यात झाली.

तो गाडीमागे गेला. तिथे एक जाडजूड बाई मीठ-लिंबू घातलेलं कोमट पाणी घोटघोट पीत बसली होती.

“चिन्याचा आवाज देणारे गृहस्थ कुठे आहेत?” त्याने विचारलं.

“इथेच आहेत,” बाई त्याच दाट आवाजात म्हणाली. “या, आपे. किती वर्षं वाट बघायला लावलीत!”

तिचं नाव लामचियेक. आधी पुरुषांचे आवाज तिचा नवरा काढायचा. “तो गेला लिके नाटकातल्या एका नटीबरोबर पळून,” ती म्हणाली. “खेळ थोडाच थांबतो? मग राजा मी, राणी मी, घोडासुद्धा मीच.”

“आणि माझी मुलगी?”

“आमच्याकडे रिळं कधी पुरी येतात होय? मधलं एखादं गहाळच. काहीतरी जोडावं लागतं. आणि खरं सांगू? बाकीचे नट आकडे मोजतात, ते ओठांवरून कळतं. तुम्ही कुणालातरी काहीतरी सांगत असता. मरताना तर दरवेळी तेच. मी म्हटलं, हा कुणालातरी हाक मारतोय.” ती पुढे सरकली. “खरं काय बोलता हो?”

हेंगचुन ओशाळला. “मरायची पाळी येईतो उशीर होतो. भूक लागलेली असते. मी बायकोला म्हणतो, ‘गेकइम, ताट वाढ, मी आलोच.’”

लामचियेक इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, “म्हणजे घरी येतोय म्हणून सांगता. फार नाही चुकले मी. पण इथे कुणाला सांगू नका बरं. बायका रडतात.”

“मग सापडते का ती?”

“मला काय विचारता? सिनेमे तुम्ही करता!”

हे वाक्य हेंगचुनच्या डोक्यात घर करून बसलं. बँकॉकला परतल्यावर कॅमेऱ्याच्या चौकटीत कुणी तरुण मुलगी आली की त्याची नजर तिच्यावर जरा जास्तच थांबायची.

“आपे, ती नायकाची बायको आहे!” विथून ओरडायचा. “टकमक काय बघतोस? आणि तू मेलायस!”

अखेर एका सिनेमात त्याला नावाड्याचं काम मिळालं. त्यात तो नायिकेला नदीपार सोडतो, आणि परत येताना मरतो. काठावर उतरणाऱ्या त्या मुलीला हात देता देता हेंगचुनने, कुणी सांगितलेलं नसताना, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काही न बोलता उभा राहिला. विथून चिडला, पण फिल्म महाग होती. दृश्य तसंच राहिलं.

ते रीळ उत्तरेला पोचायला बराच काळ गेला. ते लागल्याचं कळलं तसा हेंगचुन गेकइमला घेऊन फ्रेला गेला. लामचियेकला त्याने आधी काहीच कळवलं नव्हतं.

पडद्यावर त्याचा हात त्या मुलीच्या डोक्यावर गेला. कर्णा गप्प झाला. इतका वेळ, की लोक वळून गाडीकडे बघायला लागले. नावाड्याचे ओठ मिटलेले होते, आणि मुलगी मान खाली घालून उभी होती. मग तो दाट आवाज अगदी हळू आला.

“किती उंच झालीस गं.”

पटांगणात एकच कल्लोळ उठला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी शेजारणीला मिठी मारली. गेकइमने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. तिचेही डोळे भरले होते.

“कोण रे ही?” ती म्हणाली. “मला कधी बोलला नाहीस!”

“सांगतो,” हेंगचुन म्हणाला, पण हसू आवरेपर्यंत त्याला काही सांगता येईना.

पुढे बोलपट आले आणि त्याची कामं बंद झाली. तो बायकोबरोबर वड्या वाफवायला बसू लागला. लामचियेकची गाडी मात्र जुनी रिळं घेऊन डोंगराकडच्या गावांतून फिरत राहिली. एकदा तिकडच्याच नान गावाहून आलेल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याने वड्या खाता खाता त्याला ओळखलं आणि मुलीच्या लग्नाबद्दल अभिनंदन केलं.

“लग्न?” हेंगचुनने विचारलं. “कुणाशी?”

“ते काही आठवत नाही बुवा. पण तुम्ही खूश दिसत होता.”

हेंगचुनने हात पुसले, गेकइमकडे पाहिलं आणि नानला जाणारी बस किती वाजता सुटते, ते विचारायला तो उठला.