बसलेले तेवढेच मोजायचे

चिमणीचा उजवा डोळा गेला होता आणि डावा जायच्या वाटेवर होता. "जे बघायचं ते या महिन्यात बघून घ्या," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तसा तिनं मला फोन केला.

"टकटके, गाडी काढ. मला माझे पक्षी बघायचेत."

टकटकी म्हणजे मी. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं टाइपरायटर बडवला, तेव्हा पडलेलं नाव. चिमणी त्याच कचेरीत मोजणीच्या कामावर होती. अंगानं दांडगी, म्हणूनच चिमणी. दर विणीच्या हंगामात ती किनाऱ्यावर जाऊन सुरय, म्हणजे वाळूत घरटी करणारे पांढरे समुद्रपक्षी, मोजायची. उजव्या खिशात बटणं भरलेली. दहा पक्षी झाले की एक बटण डाव्या खिशात. कागद वाऱ्यानं उडतो, बटण उडत नाही, म्हणायची.

गाडी भाच्याची, चालवणारी मी, वय त्र्याहत्तर. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली निळाशार समुद्र. एका वळणावर कोल्हीण पिल्लं घेऊन रस्ता ओलांडत होती, म्हणून थांबले.

"किती पिल्लं?" चिमणीनं विचारलं.

"दोन."

"आई चालत सुटलीय की थांबलीय?"

"थांबलीय."

"मग आणखी एक आहे. गाडी हलवू नकोस."

खरंच, झुडपातून तिसरं लंगडत आलं. जिला धड दिसत नव्हतं तिनं ते बघितलं होतं!

पूर्वी त्या किनाऱ्यावर दगडगोट्यांशिवाय काही नव्हतं. आता फाटक झालंय, पहारेकरी आहे आणि फाटकाशी हा एवढा फलक. फलकावर आमच्या जुन्या साहेबांचा हसरा फोटो. चिमणीला दिसेना, म्हणून मी मोठ्यानं वाचलं: "या किनाऱ्यावरील पक्ष्यांची सलग बावीस वर्षं स्वतः मोजणी करणारे..."

पुढचं माझ्याच्यानं वाचवेना. डोकंच फिरलं. हा माणूस बावीस वर्षांत दोनदा आला. त्यातही एकदा बूट ओले होतील म्हणून गाडीतून उतरला नाही!

"आजी, जरा हळू. पक्षी बिथरतात," पहारेकरी म्हणाला.

"मला शिकवतोस? ही इथं पोटावर सरपटत पक्षी मोजत होती, तेव्हा तुझे वडील रांगत असतील!"

"त्याच्यावर कशाला डाफरतेस?" चिमणी शांतपणे म्हणाली. "फलकावर बरोबरच आहे. तूच तसं टाइप केलंस."



दर वर्षी चिमणीचा हस्तलिखित अहवाल यायचा. खाली 'मोजणी' असं लिहून तिचं नाव. साहेब त्यावर लाल पेन्सिल ओढून स्वतःचं नाव घालायचे आणि कागद माझ्या टेबलावर यायचा. पहिल्या वर्षी मी त्यांच्या खोलीत विचारायला गेले होते. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला नोकरीत कायम व्हायचंय ना?" मी आल्या पावली परत फिरले. पुढली एकवीस वर्षं तर त्या दाराशी गेलेसुद्धा नाही. कार्बन लावून चार प्रती काढायच्या, एक फाइलला, एक वर, आणि डबा उघडून चिमणीशेजारी जेवायला बसायचं. तिनं कधी एका शब्दानं विचारलं नाही. साहेबांचा राग राग करणं सोपं होतं हो. ती लाल पेन्सिल त्यांची, पण बोटं माझीच.

आत गेलो. पक्ष्यांच्या चाळीस पावलं अलीकडे दोरी बांधलेली. पलीकडे जायची बंदी.

"हिला इथून दिसत नाही," मी भांडायला लागले.

"राहू दे गं. ही दोरी मीच बांधायला लावली होती," चिमणी म्हणाली. "मला नुसतं पांढरं काहीतरी हललेलं दिसतंय. तू मोज."

तिनं पर्समधून बटणं काढली. जुनीच, तीच. मी मोजत गेले, दर दहाला ती बटण सरकवत गेली. तीनशे दहा झाले.

"खोटं. उतरणारे धरलेस तू. आवाजावरून कळतंय, बरेच हवेत आहेत. बसलेले तेवढेच मोजायचे. बसलेला म्हणजे घरटं."

पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला दोनशे चौसष्ट.

"माझ्या शेवटच्या वर्षी दोनशे एकाहत्तर होते," ती म्हणाली. "सातच कमी. टिकलेत गं." आणि दोरीला धरून ती कितीतरी वेळ त्या पांढऱ्या हालचालीकडे बघत राहिली.

परतताना फाटकाशी अभिप्रायाची वही होती. मी तारीख घातली. दोनशे चौसष्ट लिहिले. खाली 'मोजणी' आणि तिचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, बोटभर उंचीच्या अक्षरांत. त्याखाली बारीक अक्षरात 'टंकलेखन' आणि माझी सही.

"आजी, इथं अभिप्राय लिहितात," पहारेकरी म्हणाला.

"हाच माझा अभिप्राय."

चिमणीनं वही डाव्या डोळ्याशी नेली, नाक जवळजवळ पानाला टेकलं. "कार्बन लावलास का?" तिनं विचारलं.

फलक अजून तिथंच आहे. कचेरीला तीन पत्रं धाडली. तिन्हींना एकच उत्तर: बाब विचाराधीन आहे. बावीस वर्षं मोजायला लागली, नाव पुसायला एक पेन्सिल पुरली आणि परत लिहायला यांना विचार करावा लागतो! माळ्यावरचा टाइपरायटर खाली काढलाय. चौथं पत्र त्यावर चाललंय. चार प्रतींत.