ओरखडे

काकूंचा चष्मा उजेडाकडे धरला तशी दुकानातल्या चष्मेवालीच्या कपाळाला आठी पडली. दोन्ही काचांवर गोल गोल बारीक ओरखडे होते, घासून घासून पडावेत तसे.

"काकू, नंबर वाढलेला नाही. काचाच गेल्यात. कशाने पुसता?"

"मी कुठली पुसतेय? हे बसलेत ना." काकूंनी शेजारच्या खुर्चीकडे हनुवटी उडवली. "मी उठायच्या आत रोज सदऱ्याच्या टोकाने घासून ठेवतात. सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

काका निवृत्त पोस्टमन. ते खाली मान घालून सदऱ्याचं तेच टोक चुरगाळत होते. "डाग दिसला की राहवत नाही," एवढंच म्हणाले.

चष्मेवालीचा जळफळाट झाला. या दुकानात जोडपी यायची ती जणू तिला खिजवायलाच. कुणी बायकोला फ्रेम लावून लांबून बघत राहायचा, कुणी तिच्या कानामागे अडकलेले केस सोडवायचा. या बायकांचा तिला मनापासून हेवा वाटायचा आणि घरी गेली की त्याचं उट्टं ती नवऱ्यावर काढायची. नवरा कारखान्यात फिटर. त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर पकडच हवी.

"नशीब काढलंत, काकू," ती म्हणाली. आवाज जरा तिखटच लागला.

"कसलं डोंबलाचं नशीब? दोन गोड शब्द बोलतील तर शपथ. वर काचांची ही वाट."

एवढं नाकासमोरचं या बाईला दिसू नये, याचा चष्मेवालीला संताप आला. असा नवरा हिच्या वाट्याला, आणि हिला त्याची किंमत नाही. तिने मऊ फडकं काढलं आणि काकूंना न देता काकांच्या हातात ठेवलं.

संध्याकाळी घराच्या बोळात स्कूटर घालेपर्यंत ती धुमसतच होती. नेहमीसारखी भिंतीला नाक लावून गाडी उभी केली, तर मडगार्डवर नवा ओरखडा. या ओरखड्यांवरून तिने मागे घर डोक्यावर घेतलं होतं. नवरा स्वतःची सायकल काढायला तिची गाडी फिरवतो आणि भिंतीला घासतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळी गाडी रस्त्याकडे तोंड करून असायची. तिने बसायचं आणि निघायचं.

आज सोडायचाच नाही, असं ठरवून ती वळली. सायकलीचा कोपरा रिकामा होता. चाक वाकलं म्हणून सायकल कधीची दुरुस्तीला पडली होती, आणि तो चालतच कारखान्यात जात होता.

ती तिथेच थांबली. मनगट मोडल्यापासून जड काही ओढलं की तिला कळ यायची. गाडी मागे ओढायची वेळ तिच्यावर शेवटची कधी आली होती, ते काही केल्या आठवेना.

अंधारून आल्यावर बोळातून घासल्याचा आवाज आला. तिने दार उघडून बाहेरचा दिवा लावला. नवरा हँडल धरून उभा होता, डब्याची पिशवी अजून खांद्यालाच होती. बोटांची सालं निघालेली. ती कारखान्यात निघतात, असं ती धरून चालली होती.

"भिंत जवळ आहे," ती काही बोलायच्या आतच तो म्हणाला.

"माहीत आहे. तू ओढ, मी मागून धरते."

"हात नको लावूस. मनगट दुखेल."

ती हात मागे बांधून भिंतीशी उभी राहिली आणि गाडी फिरताना बघत राहिली. आत्ता काकू इथे हव्या होत्या, असं तिला वाटून गेलं. जळून खाक झाल्या असत्या.