पंधरा वॉटांचे घर

चिप अंगठ्याच्या नखाहून थोडीशीच मोठी होती आणि तिच्यात दोन बिऱ्हाडे नांदत होती. एक प्रोसेसरचे, जो सगळी आकडेमोड करतो. दुसरे ग्राफिक्सचे, जे पडद्यावर चित्र रंगवते. ज्याला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड म्हणतात, त्याचा बंगला वेगळा असतो. स्वतःची मेमरी, स्वतःचा पंखा, स्वतःची वीज. इथे तसे नव्हते. हे ग्राफिक्स प्रोसेसरच्याच घरात राही, त्याच्याच मेमरीत जेवी आणि घरात येणाऱ्या पंधरा वॉट विजेतून जे उरेल ते निमूट घेई. म्हणून कंपनीत सगळे त्याला घरजावई म्हणत. वरचा मजला, जिथे प्रोसेसरचा विभाग होता, ती सासरवाडी. त्या विभागाचे प्रमुख, टक्कल पडलेले, हळू बोलणारे आणि हट्टी गृहस्थ, अर्थातच सासरेबुवा झाले होते. सह्यांच्या कागदांवर त्यांचे खरे नाव असे. ते वाचताना नव्या माणसाला क्षणभर हा कोण, असे वाटे.

घरजावयाचा संसार आक्का पाहत होती. एकोणीस माणसे, एक लांबट खोली, खिडकीपाशी मोजमापाचे टेबल. हातात धरून खेळायचा संगणक बनवणारी एक कंपनी आपल्या नव्या मॉडेलसाठी चिप निवडणार होती. दोन्ही बाजूंना बटणे, मध्ये तळहातापेक्षा जरा मोठा पडदा, असे ते यंत्र. शर्यतीत दोघेच उरले होते, आक्काची कंपनी आणि तिचा जुना प्रतिस्पर्धी. कंपनीच्या साहेबांनी तिला बोलावून, दार लावून, आवाज न चढवता सांगितले होते की हे काम गेले तर ग्राफिक्स विभाग बंद होईल, आणि चित्राचा भाग यापुढे बाहेरून, बहुधा त्याच प्रतिस्पर्ध्याकडून, घेतला जाईल. सादरीकरणाला तीन आठवडे होते.

आकडे वाईट नव्हते. खरेदीदारांनी नेमून दिलेल्या खेळात सेकंदाला सरासरी शेहेचाळीस चित्रे पडद्यावर येत. प्रतिस्पर्ध्याची, बाजारातल्या कुजबुजीनुसार, पंचेचाळीस.

"एकाने का होईना, पुढे आहोत," कुणीतरी म्हणाले.

"खेळून बघितलंत का?" चाचणी करणारी बाई म्हणाली. तिला सगळे डोळस म्हणत, कारण आलेखात न दिसणारे तिला पडद्यावर दिसे. तिने यंत्र आक्काच्या हातात दिले. धुक्यातला पूल, पुलावर धावणारा एकटा माणूस. "चार्जर काढा आधी. आणि धावत राहा."

आक्का धावली. सहा-सात सेकंद पाण्यासारखे वाहिले आणि मग पाय अडखळला. पुन्हा सहा सेकंद, पुन्हा तेच.

"अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तसं होतं ना?" डोळस म्हणाली. "माझ्या लेकीला दिलं तर दहा मिनिटांत म्हणेल, आई, हे खराब आहे."

अडखळण्याच्या त्या क्षणी चित्रे चोवीसवर येत होती. सरासरीने ते सगळे आपल्या पदराखाली घेतले होते.

कारण आक्काला माहीत होते, किंवा माहीत आहे असे तिला वाटत होते. प्रोसेसर मध्येच उसळून वीज ओढून घेत होता, आणि घराच्या पंधरा वॉटांत भागत नाही असे दिसताच वीज वाटणारी यंत्रणा घरजावयाचे ताट ओढत होती. ती वरच्या मजल्यावर गेली ती भांडायलाच.

"आमच्या वाटचं तुम्ही खाताय," ती म्हणाली. "तीन वॉट सोडा, दुसरं काही मागत नाही."

"आक्का, प्रोसेसर हौसेने जेवत नाही," सासरेबुवा म्हणाले. "कुणीतरी काम सांगतं, म्हणून तो उठतो. काम कोण सांगतं ते तुम्ही शोधा."

"म्हणजे आमचंच चुकतंय?"

"मी तसं म्हटलं नाही. तुम्हीच म्हणालात."

त्यानंतर दोन्ही मजल्यांमध्ये चार दिवस केवळ ईमेलने बोलणे झाले. सासरवाडीचे पत्र आले की खोलीत हशा पिकत असे. आता कुणी हसत नव्हते.

सुट्टीच्या दिवशी तिचा धाकटा भाऊ जेवायला आला. सात वर्षांपूर्वी तो याच लांबट खोलीत तिच्या हाताखाली होता. आता प्रतिस्पर्ध्याच्या ग्राफिक्सचा कारभार त्याच्याकडे होता. बहिणीला घरात आक्का म्हणतात हे कंपनीला त्यानेच शिकवले होते. ते दोघे कामाचे बोलत नसत, असा अलिखित करार होता. त्या दिवशी आई आत हात धुवायला गेली आणि त्याने तो मोडला.

"ऐकलं ते खरं आहे का? विभाग बंद करणार म्हणे तुमचा."

"कुठे ऐकलंस?"

"भिंतींना कान असतात. आमच्या भिंतींना जरा मोठे आहेत." मग हसू आवरून तो म्हणाला, "आमच्याकडे ये, आक्का. माझ्या हाताखाली नाही म्हणत मी. माझ्या शेजारी बस. जागा आहे."

"आणि माझी अठरा माणसं?"

त्याने भात कालवायला घेतला.

"मी आले तर त्यांना काय सांगू? की धाकट्याने मला उचलून घेतलं?"

"हरलीस तरी येणार नाहीस?"

"हरल्यावर विचार. आत्ता वाढू का आणखी?"

आई बाहेर आली तेव्हा दोघे असे गप्प जेवत होते, की तिने आळीपाळीने दोघांकडे पाहून विचारले, "पुन्हा भांडलात?"

"नाही गं," दोघेही एकदम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काने मोजमापाचे टेबल मोकळे केले. सासरेबुवांचे वाक्य तिच्या मनात खड्यासारखे टोचत होते. काम कोण सांगतं? तिने आणि डोळसने मिळून चिपच्या दोन्ही बिऱ्हाडांना तारा जोडल्या, आणि एका सेकंदाचे दहा हजार तुकडे करून, प्रत्येक तुकड्यात कोण किती वीज घेते ते नोंदवले. दुपारपर्यंत पडद्यावर दोन रेषा उभ्या राहिल्या. ग्राफिक्स चित्र रंगवण्यात गढलेले असे तेव्हाच, नेमकी तेव्हाच, प्रोसेसरची रेषा ताठ वर जात होती. वस्तुतः त्या वेळी त्याला काही काम नसायला हवे होते. चित्र पुरे होण्याची वाट पाहायची, एवढेच.

"वाट बघायला इतकी वीज?" डोळस म्हणाली.

आक्काने कीबोर्ड पुढे ओढला. ती ड्रायव्हरमध्ये, म्हणजे दोन्ही बिऱ्हाडांमध्ये निरोप नेणाऱ्या त्या आज्ञावलीत, खाली खाली उतरत गेली. वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांचे थर होते, निवृत्त झालेल्यांची आद्याक्षरे होती. मग ते सापडले. अवघ्या नऊ ओळी. चित्र झाले का, हे प्रोसेसरने ग्राफिक्सला विचारायचे. नसेल झाले तर पुन्हा विचारायचे. तत्क्षणी, विसावा न घेता, सेकंदाला लाखो वेळा. दारावर न थांबता थापा मारीत राहणाऱ्या माणसाचे हात दुखतात. प्रोसेसरचे हात दुखत नाहीत, तो तापतो. तो तापला की घरजावयाची वीज कापली जाई, वीज कापली की चित्राला उशीर होई, आणि उशीर झाला की थापा आणखी वाढत.

"हे कुणाचं पाप?" डोळस वाकून म्हणाली. "तुमच्या भावाचं असणार. गेला तो घाण ठेवून गेला."

ओळींच्या माथ्यावर एक टीप होती. *तात्पुरते. पुढच्या आवृत्तीत काढणे.* खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख, आणि आद्याक्षरे आक्काची.

तिला तो आठवडा आठवला. तेव्हा फक्त लॅपटॉप होते, जाड, भिंतीतून वीज पिणारे, आणि तीन वॉटांचे तेव्हा कुणाला सोयरसुतक नव्हते. पहिले चित्र पडद्यावर आणण्याची घाई होती. ते आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो एक शब्द अकरा वर्षे, तेवीस आवृत्त्या, तिच्याच हाताखालून निसटत राहिला. या धंद्यात तात्पुरत्याइतके चिवट काही नसते हे ती नवख्यांना दरवर्षी सांगत आली होती.

"आता?" डोळसने हळूच विचारले. "हे वर कळायला हवंच असं नाही. आपण गुपचूप बदलू."

"बदलून भागणार नाही. वाट बघताना त्याला झोपवावं लागेल, आणि चित्र झालं की उठवावं लागेल. त्याची झोप सासरेबुवांच्या हातात आहे."

ती जिन्याने गेली. लिफ्टमध्ये विचार करायला फार कमी वेळ मिळाला असता.

सासरेबुवा फळ्यावर काहीतरी पुसत होते.

"काम कोण सांगतं ते सापडलं," आक्का म्हणाली. "मी सांगत होते. अकरा वर्षं. तुमच्या लोकांना मी नको ते बोलले, ते मागे घेते."

त्यांनी डस्टर खाली ठेवले. "लेखी देता?"

"देते. आत्ता."

"अहो, गंमत केली." ते खुर्चीत बसले आणि तिलाही बसायला सांगितले. "मला चार दिवसांपूर्वीच शंका आली होती. पण म्हटलं, आपण बोललो तर बाई आणखी चिडतील."

"चिडलेच असते."

"बरं. त्याला गाढ झोपवू नका. गाढ झोपला की उठायला वेळ लागतो, आणि तुमचा पूल पुन्हा अडखळेल. डुलकी द्या. एक डोळा उघडा ठेवून. तशी डुलकी आमच्याकडे आहे, पण ती बाहेर कुणाला वापरू देत नाही आम्ही."

"का?"

"कुणी मागितलीच नाही," सासरेबुवा म्हणाले. "सगळे वॉट मागतात."

पुढचे तेरा दिवस दोन्ही मजल्यांची माणसे एकाच टेबलावर बसली. डुलकी फार लांबली की चित्र थांबे. फार आखूड केली की वीज वाचत नसे. रोज सकाळी नवी आवृत्ती, रोज दुपारी डोळसचा अंगठा, रोज संध्याकाळी तिचे एकच वाक्य, "अजून पायरी लागतेय." चौदाव्या दिवशी ती चाळीस मिनिटे पुलावरून धावली, यंत्र खाली ठेवले आणि काही न बोलता पाणी प्यायला गेली. सगळ्यांना कळले.

आता चित्रे एकोणचाळीसच्या खाली येत नव्हती. मात्र सोप्या दृश्यांत, जिथे विजेची ददात कधी नव्हतीच, तिथे डुलकीतून उठण्याचे कणकण क्षण साचून वेग किंचित उतरला होता. सरासरी त्रेचाळीस.

"त्रेचाळीस!" साहेब म्हणाले. "शेहेचाळीस होती ती घालवून त्रेचाळीस आणलीत? त्यांची पंचेचाळीस आहे, आक्का. जुनीच आवृत्ती न्या. कागदावर आपण पुढे दिसलं पाहिजे."

"सरासरीत कुणी खेळत नाही, साहेब. खेळणारा त्या चोविसात अडकतो."

"आणि हरलो तर?"

"विभाग माझा जाणार आहे. तेव्हा कोणती आवृत्ती न्यायची, ते मला ठरवू द्या."

साहेबांनी सासरेबुवांकडे पाहिले. सासरेबुवांनी चष्मा पुसला. "मी त्यांच्याबरोबर जातोय," ते म्हणाले.

खरेदीदारांच्या प्रमुख बाई पन्नाशीच्या होत्या आणि त्यांच्या अंगठ्यांना घट्टे होते. कागद त्यांनी एकदा पाहिला.

"तुमचा आकडा त्यांच्यापेक्षा कमी आहे."

"हो," आक्का म्हणाली.

"मग आलात कशाला?"

"यंत्र हातात द्यायला. चार्जर आणलेलाच नाही."

बाई खुर्चीत मागे रेलल्या. खोलीत बटणांची बारीक टकटक तेवढी राहिली. आक्काने पडद्याकडे पाहिले नाही. ती बाईंच्या भुवयांकडे पाहत होती. अडखळले की खेळणाऱ्याची भुवई आधी हलते. दहा मिनिटे, वीस, पस्तीस. भुवया स्थिर होत्या. मध्येच बाई पुढे वाकल्या, आणि आपण कुणाची तरी परीक्षा घेत आहोत हे विसरून "अरे, मागे बघ!" असे त्या पुलावरच्या माणसालाच म्हणाल्या.

बाहेर बाकावर भाऊ बसला होता, मांडीवर तसेच एक यंत्र घेऊन. आक्का दिसताच तो उठला.

"काय गं?"

"जा आत. बाई बराच वेळ खेळतात, घाई करू नकोस."

"आमची पंचेचाळीस आहे," तो म्हणाला; प्रौढीने नव्हे, जवळजवळ क्षमा मागितल्यासारखा.

"माहीत आहे." तिने त्याची वळलेली कॉलर सरळ केली आणि ती पुढे गेली.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला तेव्हा साहेबांच्या खोलीत तिघे होते. दोन मॉडेल निघणार होती. मोठे, तीस वॉटांचे, प्रतिस्पर्ध्याला गेले होते. "तिथे ते सरस आहेत, उगाच गोड बोलत नाही," बाई म्हणाल्या. "लहान मॉडेल तुमचं. पण अट आहे. पुढच्या वर्षी ते आणखी पातळ होणार. दहा वॉटांत हेच, असंच, न अडखळता. जमेल?"

साहेबांनी तोंड उघडले. "आम्ही अभ्यास करून कळवतो" हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेले दिसत होते.

"जमवू," आक्का म्हणाली.

फोन ठेवला गेला.  साहेब म्हणाले, "विभाग राहतो," आणि उगाचच एक कागद उचलून पुन्हा खाली ठेवला.

जिन्यात सासरेबुवा तिच्या मागोमाग उतरत होते. आज ते आपल्या मजल्यावर थांबले नाहीत.

"दहा म्हणालात तुम्ही. कळतंय ना? डुलकीने सुटणारं नाही हे. पाच वॉट मूळ संसारातूनच काढावे लागणार."

"कळतंय."

"निम्मं माझं जाईल त्यात."

"निम्मं माझंही जाईल. आधी माझं काढू, मग तुमच्याकडे येऊ."

सासरेबुवा एक पायरी थांबले. "उलट करू," ते म्हणाले. "माझ्याकडे चरबी जास्त आहे. चला, तुमच्या टेबलावर बसू. उजेड बरा असतो तिथे."

लांबट खोलीत अठरा चेहरे एकदम वळले. आक्काने बातमी दोन वाक्यांत सांगितली, गलका होऊ दिला, आणि तो पुरता ओसरण्याआधीच खिडकीकडची खुर्ची ओढून सासरेबुवांना दिली आणि तारा हातात घेतल्या.