टाचेवरची खूण

पालीला पोचेपर्यंत माझे पाय बोलायला लागतात. एसटी वेल्ह्याच्या रस्त्यावर सोडून निघून जाते, आणि पुढे रक्ताच्या नळ्यांची पेटी घेऊन मीच चालायचं. पुण्यातल्या आमच्या साहेबांना रक्त हवं असतं, रस्ता नको असतो.

अक्काबाईंनी पायरीवरच गूळ-पाणी दिलं. "बसा डाक्टरीणबाई. आज दादा यायचाय भोंगवलीवनं, सुपारी फोडायला."

दादा म्हणजे त्यांचा भाऊ सोनबा. त्याची अंजना अक्काबाईंच्या जगनला द्यायची होती. मामाची मुलगी, हक्काचीच.

दोघांचंही रक्त मी तपासलं होतं. या दोन घरांत टाचेमागच्या शिरेवर कडक गाठी येतात. गाठवाल्यांच्या रक्तात चरबी दुप्पट, आणि त्यांचे पुरुष चाळिशीत छातीत कळ येऊन जातात. त्यांचीच बिनगाठीची भावंडं म्हातारी होतात. चूल एक, भाकरी एक, शेत एक. फरक फक्त आईबापाकडून आलेल्या वाट्याचा. म्हणजे खाण्यापिण्याला बोल लावायला जागा नाही, रक्तातली चरबीच घात करते. असा पुरावा देणारी घरं सापडली म्हणून साहेब खूश आहेत. त्यांना या घरचं पाणी प्यावं लागत नाही.

"अक्काबाई, हे लग्न करू नका. दोघांनाही गाठी आहेत."

"आवं, टाच बघूनच पसंत केली तिला! खूण न्हाई ती पोरगी आमच्या घरची कशी?"

"तीच खूण तुमच्या मालकांना घेऊन गेली."

"म्हून तर. आमच्यातलं गडी टिकत न्हाईत, समद्यांना ठावं हाय. भावाबिगर कोन पोरगी दील माज्या जगनला?"

मग मी सरळच बोलले. "एकीकडून वाटा आला तर माणूस चाळिशी तरी बघतो. दोन्हीकडून आला तर गाठी लहानपणीच येतात, बोटांवर, कोपरांवर. ते पोर विशीसुद्धा बघत नाही."

अक्काबाई सुपाऱ्या पुसत होत्या. हातातली सुपारी त्यांनी खाली ठेवली.

"आमच्या थोरल्याला, सोपानला, साळंत जायाच्या आदीच आल्या व्हत्या. म्या बी आत्याच्याच घरात दिलेली, खूण असलेली. खेळता खेळता पडला. उठलाच न्हाई."

या पोराबद्दल मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"तवा कुनाला ठावं व्हतं का, बाई?"

"नाही. तुमच्यासारख्या घरांवरूनच आता कळायला लागलंय." मला स्वतःच्या शब्दांची लाज वाटली.

तेवढ्यात सोनबा दारात आला, नवा फेटा बांधून, हसत. "अक्के, काढ सुपारी!"

अक्काबाईंनी सुपाऱ्या पदरात बांधल्या. "दादा, सुपारी फुटायची न्हाई."

"काय खोट हाय माज्या पोरीत?"

"खोट न्हाई रं. माज्यात हाय तेच तिच्यात हाय. तिला बिनखुणीचं घर बघ."

सोनबानं माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि पाण्याला हातही न लावता तो पायऱ्या उतरला. त्याच्यासाठी काढलेला गूळ अक्काबाईंच्या पुढ्यात तसाच होता. गुळाकडे बघत त्या म्हणाल्या,

"सोपानच्या बोटावर पयली गाठ आली, तवा घरान्याची खूण आली म्हून म्या वस्तीभर गूळ वाटला व्हता, बाई."