गॅरेटची तीन कार्डं

"पोरं काय शिकली ते कार्डावर बघू नकोस बाई, त्यांच्या तोंडाकडे बघ," असं मर्नाबाईंनी मला सप्टेंबरातच सांगितलं होतं. मी हसून सोडून दिलं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं वाढणाऱ्या मर्नाबाईंना कार्डांचा रागच होता. सोमवारी पोरं ती वाचून दाखवायची आणि तोवर यांचं जेवण गार व्हायचं. मला वाटलं, तेवढंच असेल.

कार्डांची कल्पना माझ्या नवऱ्याची. वेस शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो आणि अमेरिकन फुटबॉलचा कोच आहे. नेब्रास्कातल्या आमच्याएवढ्या गावात अकरा पोरं जमत नाहीत, म्हणून आठांचा संघ. हेल्मेटं घालून आमचे आठ समोरच्या आठांवर धडकतात आणि आमचेच आठ आडवे होतात. हरल्यावर परतीच्या बसमध्ये प्रत्येकाने लिहायचं, आज मी काय शिकलो. सोमवारी ते जेवणाच्या हॉलमध्ये वाचायचं. मग मी ते टाइप करून गावच्या साप्ताहिकाला द्यायचं.

ओळीने एकोणीस सामने हरल्यामुळे गाव भलतंच शहाणं झालं होतं. विमा एजंटने दोन कार्डं फ्रेम करून ऑफिसात लावली होती. पाद्रीबाबांचं रविवारचं प्रवचन तर आमच्या हरण्यावरच चालायचं. चुकून एखादा सामना जिंकलो असतो तर त्यांची पंचाईत झाली असती.

गॅरेट स्वोबोडा सतरा वर्षांचा. चेंडू घेऊन पळायचं काम त्याचं, म्हणजे सगळ्यात जास्त धडका खायचंही त्याचंच. सतराव्या पराभवानंतर त्याने लिहिलं, 'पडल्यावर लगेच उठावं. दुसऱ्यांना ताटकळत ठेवू नये.' साप्ताहिकाने ते चौकटीत छापलं. अठराव्यानंतर त्याने पुन्हा तेच लिहिलं, शब्दाला शब्द तोच. मी वेसला दाखवलं.

"हेच तर!" वेस खूश. "बाकीचे दर आठवड्याला नवीन शिकतात आणि जुनं विसरतात. यानं एकच धरलंय, पण घट्ट धरलंय."

एकोणिसाव्यालाही तेच. फक्त या वेळी अक्षरं रेघ सोडून खाली घसरत गेली होती. मी ती नीटनेटकी टाइप केली आणि तिन्ही कार्डं पर्समध्ये ठेवून दिली.

मनात काही आलं नाही असं नाही. पण माझी गावात ख्याती आहे. आमच्या सहा महिन्यांच्या ट्रुडीला उचकी लागली तरी मी दवाखान्यात फोन करते. ती झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघते. "हिला जांभईतही न्यूमोनिया दिसतो," हे वेसचं आवडतं वाक्य, आणि ते चारचौघांत म्हणायलाही त्याला आवडतं. म्हणून या हंगामात मी ठरवलं होतं की जरा समजूतदारपणे वागायचं. आणि समजूतदारपणा दाखवायला मला नेमकी हीच जागा सापडली.

मग तो बुधवार. दर बुधवारी शाळेत खिमा-राजम्याची चिली आणि सोबत दालचिनीचा गोड रोल असतो. ट्रुडीला कडेवर घेऊन मी वेसचा विसरलेला चष्मा द्यायला जेवणाच्या हॉलमध्ये गेले होते. गॅरेट जेवला, थाळी ठेवून आला आणि परत रांगेत उभा राहिला.

"आज काय आहे, मर्नाबाई?"

"तू आत्ताच जेवलास की रे."

गॅरेट हसला. "छे! सकाळपासून पोटात काही नाही."

"वाढा हो त्याला!" मागून एक पोरगा ओरडला. "हरायलासुद्धा ताकद लागते!"

हॉल खदखदून हसला. मर्नाबाई हसल्या नाहीत. वाढायचा डाव तसाच हातात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गॅरेटजवळ गेले.

"गॅरेट, गेल्या शुक्रवारी आपण कुणाशी हरलो रे?"

त्याने भिंतीकडे पाहिलं, वेसकडे पाहिलं, मग फार अदबीने म्हणाला, "हरलो कुठे, मॅडम? जिंकलो ना आपण?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. असली जिद्द हवी, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. वेसही टाळ्या वाजवत होता. मी पर्समधून तिन्ही कार्डं काढून त्याच्यापुढे टेबलावर ओळीने मांडली.

"त्यानं एकच गोष्ट घट्ट धरलेली नाही, वेस. आधी काय लिहिलं ते त्याला आठवतच नाही. डोक्याला मार बसलाय त्याच्या."

"हे बघ, तू उगीच..." वेस थांबला. तिसऱ्या कार्डावरची घसरलेली अक्षरं त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिली. इतके दिवस तो माझं टाइप केलेलंच वाचत होता. मग हळूच म्हणाला, "शुक्रवारी घरच्या मैदानावर सामना आहे गं. जुने विद्यार्थी येणार, मिरवणूक निघणार. एकाचा खांदा आधीच मोडलाय. हा नसला तर सातच उरतात."

"मग सात उरू देत."

मर्नाबाई काउंटरमागून म्हणाल्या, "कोच, गाडीची किल्ली घ्या आणि निघा. शिकवायचं नंतर शिकवा."

गॅरेटला घेऊन वेस निघाला. जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याला एकदा नाही, निदान दोनदा मार बसला आहे. आणखी एक धडक बसली असती तर काय झालं असतं, ते त्यांनी वेसला बाजूला नेऊन सांगितलं. वेसने मला ते अजून सांगितलेलं नाही.

विसावा सामना आम्ही मैदानात न उतरताच हरलो. मिरवणूक मात्र निघाली. त्या आठवड्यात साप्ताहिकात कार्डांची जागा रिकामी होती, तर विमा एजंटचा फोन आला: "या वेळी पोरं काहीच शिकली नाहीत का?" वेसने फोन ठेवला, एक कोरं कार्ड घेतलं आणि बराच वेळ पेन हातात धरून बसला. ते अजून कोरंच आहे.

गॅरेट घरी पडदे ओढून बसलेला असतो. उजेड सोसत नाही, दोन पानं वाचली की डोकं दुखतं. पहिल्या आठवड्यात सगळा संघ जाऊन आला. आता मी जाते, मर्नाबाई रोल घेऊन जातात, बस्स.

तुमच्या शेजारी शाळेच्या संघातून खेळणारं एखादं पोर असेल. गेल्या सामन्यात पडलेलं, पण उठून हसलेलं. आज जरा त्याच्याकडे जाऊन याल का? काय शिकलास, असं विचारू नका. सकाळी काय खाल्लंस, एवढंच विचारा. आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा विचारा.