लवंगीचे दिवस

"आज कितवा?" चिरंजिवांनी बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं.

"पाचवा," मी म्हणाले.

होता अकरावा. एकतीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढली मी. अख्खी गल्ली मला अजून सिस्टर म्हणते. कुणाचे दिवस कधी भरतात हे नवऱ्यांच्या लक्षात नसायचं, माझ्या असायचं. तारखेच्या बाबतीत मी कधी कुणाला फसवलं नाही, आणि त्या सकाळी पोटच्या मुलाला सहा दिवसांची थाप मारली. चहा गाळत होते, थेंबही बाहेर सांडला नाही.

लवंगी माझ्या पायाशी बसली होती. तीन किलोची कुत्री, लवंगेच्या रंगाची आणि तेवढीच तिखट. निवृत्तीनंतर वेळ खायला उठायचा म्हणून मी तिला आणलं आणि मग पिल्लांच्या नादाला लागले. मागच्या खोलीत खोका, खोक्यात जुनी चादर, उबेला दिवा. कुठलं कोण ते कळावं म्हणून पिल्लांच्या गळ्यात रंगीत दोरे, आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. लोक महिनोन् महिने आधी नाव सांगून ठेवत. मला त्याचा गर्व होता, ते लपवत नाही.

पण एवढ्याशा कुत्रीचं बाळंतपण म्हणजे पिल्लाचं डोकं मोठं आणि वाट अरुंद. तिसऱ्या खेपेला पिल्लू अडलं, पोट फाडावं लागलं. चारातली दोन जगली. टाके घालता घालता डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आता हिला पुन्हा नको. पुढच्या वेळी ही टेबलावरून उठायची नाही."

हे मी घरी शब्दाला शब्द सांगितलं होतं. पण चिरंजिवांच्या साहेबांच्या बायकोला लवंगीचंच पिल्लू हवं होतं, आणि ऑफिसात बढतीचं वारं सुटलं होतं.

"डॉक्टर असंच घाबरवतात गं. एकदाच, आई. मी शब्द दिलाय."

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण घर त्याचं, मी राहणारी. मिठाची गुळणी धरून बसले. लवंगी पाळीवर आली तसा तो रोज सकाळी दिवस विचारायला लागला, कारण अकराव्या-बाराव्या दिवशी नर दाखवायचा असतो. तेवढे दिवस चुकवले की सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही, असा माझा हिशेब. खऱ्या दिवसांत मी तिला माझ्या खोलीत कोंडून ठेवलं. ती दार खरवडायची आणि मी रेडिओ मोठा करायची.

माझ्या खोट्या अकराव्या दिवशी, रविवारी, मुलाने नरवाल्या सुतारालाच घरी बोलावलं. एरवी मादीला नराकडे न्यायची रीत, पण ते काम त्याला माझ्यावर सोपवायचं नव्हतं. सुताराने पिशवीतून नर काढून खाली ठेवला. त्याने लवंगीला हुंगलं, तिने दात दाखवले आणि बूड टेकून बसली. नवरदेव वळले, सोफ्यापाशी गेले आणि तंगडी वर केली.

"अहो सिस्टर, हिचे दिवस निघून गेले की!" सुतार म्हणाला. "चांगले पाच-सहा दिवस झाले असणार. तुम्ही कशा काय चुकलात?"

मी काही बोलायच्या आत चिरंजीव म्हणाले, "वय झालं हो आता तिचं. राहत नाही लक्षात. हरकत नाही, लवंगी सहा महिन्यांनी येईलच पुन्हा पाळीवर. त्या खेपेला मी स्वतः कॅलेंडरवर लिहून ठेवीन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारी म्हटल्याची नव्हे. मला सतरा नंबरच्या खाटेवरची बाई आठवली. चौथं बाळंतपण. पुन्हा दिवस राहिले तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं. नवरा आणि सासू कागद घडी करून घेऊन गेले. ती जाताना माझ्याकडे बघत होती आणि मी उशीचा अभ्रा बदलत होते. वर्षाच्या आत ती परत आली, ती जायलाच. रजिस्टरमध्ये वेळ मीच लिहिली, अगदी बरोबर.

"मी चुकले नाही," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं. पण ते भ्यायल्यासारखं झालं, म्हणून आता खरं सांगते. पुढच्या वेळी नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही."

"आई, शब्द दिलाय मी!"

"शब्द तू दिलास. पोट तिचं आहे."

"माझ्या घरात राहून माझंच नाक कापतेस?"

"मग घर तुझं तुला लखलाभ. पिशवी भरायला मला दहा मिनिटं लागतात."

तेवढ्यात सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. गरीब स्वभावाची पोर, मोठ्याने बोललेली मी कधी ऐकली नव्हती. "मलाही माहीत होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "लवंगीच्या अंथरुणाची फडकी मीच धुते. मला दिवस मोजता येतात. आणि पिशवी कुणी भरायची नाही."

सुताराने आपला नर पिशवीत घातला. "येतो मग आम्ही," म्हणाला, आणि सोफ्याकडे न बघता निघाला.

पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून करायचं ऑपरेशन पाळीनंतर दोन-अडीच महिने थांबून करतात. तेवढे दिवस चिरंजीव माझ्याशी बोलले नाहीत. बढती दुसऱ्याला मिळाली. पिल्लामुळे की कामामुळे, देव जाणे. "तुझ्यामुळे," एवढं एकच तो जेवताना म्हणाला. मी त्याला भाजी वाढली. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण माघार घ्यावीशी एकदाही वाटली नाही.

दवाखान्यात टेबलामागच्या मुलीने फॉर्म पुढे ओढला. "गर्भाशय काढायचं ना? कारण काय लिहू, मालकाची इच्छा?"

"नाही. लिहा, तिला पुरे झालं."

"असं नाही लिहीत, आजी."

"द्या इकडे." मी पेन घेतलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली.

डॉक्टर लवंगीला उचलून घेत म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बाहेर बसा."

मी बाह्या वर सारल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि त्यांच्या मागोमाग आत गेले.