मी कसर नव्हे

मित्रांनो, मी एक लहानसे तपकिरी फुलपाखरू आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहून कुणाला तसे वाटत नाही, पतंग वाटतो. अंग जाडजूड, मिशांची टोके आकड्यासारखी वळलेली, आणि उडणे म्हणजे नुसत्या उड्या.

शिंप्याच्या दुकानामागच्या उंच गवतात मी अळी म्हणून जन्मले. पात्याच्या दोन्ही कडा रेशमाच्या टाक्यांनी ओढून मी त्याची नळी केली आणि आत राहिले. शिंप्याला आयतीच शेजारीण मिळाली म्हणा ना! विष्ठासुद्धा मी नळीबाहेर लांब उडवून देई, वासाने गांधीलमाशी यायला नको म्हणून. तरी तिने माझी भावंडे नेलीच.

पंख फुटल्यावर मी त्याच गवतावर अंडी घालू लागले. खसखशीच्या दाण्याएवढी, एका पात्यावर एकच. आमच्या पिलांना गवताशिवाय काही खाता येत नाही.

एका सकाळी मी चुकून दुकानात शिरले आणि टेबलावरच्या लोकरी कोटावर जरा टेकले. शिंप्याची बायको किंचाळलीच.

"अहो, कसर! कोटाला कसर लागली!"

शिंपी कोटावर वाकला. गेल्या हिवाळ्यात कसरीने, म्हणजे लोकर खाणाऱ्या पतंगाच्या अळ्यांनी, एका गिऱ्हाईकाच्या कोटाची चाळण केली होती.

"ही जरा वेगळी दिसतेय गं," तो पुटपुटला.

"वेगळी कसली? मागच्या रानातूनच येतात मेल्या. आजच्या आज कापून टाका ते. अजून एक कोट गेला, तर दुकानाची पायरी कोण चढेल?"

त्याने विळा घेतला. मला लोकर खायला दातच नाहीत, फुलातला रस ओढायची सोंड तेवढी आहे. पण हे त्याला कोण सांगणार? दुपारपर्यंत गवताचा ढीग झाला. नळ्यांत माझी पिले होती, पात्यांवर अंडी होती. मग त्याने काडी लावली. मी धुराभोवती घिरट्या घालत राहिले.

खरी कसर टेबलाखालच्या लोकरी चिंध्यांच्या गाठोड्यात आहे. ती तिथे खुशाल खाते आहे.

मित्रांनो, कुणाला मारण्यापूर्वी एकदा वाकून नीट पाहा. तेवढीच माझी विनवणी आहे. पोटात शेवटचे एक अंडे घेऊन मी दिवसभर गवत शोधले. फरशी होती, डांबर होते, गवत नव्हते. अंधार पडता पडता ते अंडे मी दुकानाच्या भिंतीवर घातले. भिंत खाता येत नाही, हे मला ठाऊक आहे.